हाँगकाँगच्या शिकवणीवर्गांत घडलेले विंग चुन

विंग चुन ही दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातली, हातभर अंतरावरून लढण्याची कुंग फू शैली. तिच्या जन्माची कथा सर्वत्र सांगितली जाते. छिंग सैन्याने शाओलिन मठ जाळला, त्यातून वाचलेल्या इंग मुइ या भिक्षुणीने यिम विंग-चुन नावाच्या मुलीला ही विद्या दिली, अशी ती कथा. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. इतिहासाच्या हाती लागते ते फोशान हे व्यापारी शहर आणि लाल नावांतून गावोगाव फिरणाऱ्या कँटोनीज संगीत नाटकमंडळ्या. 1854 मध्ये ली वनमाओ या नटाने छिंग राजवटीविरुद्धच्या उठावात उडी घेतली. सरकारने नाटकांवर बंदी घातली आणि फोशानमधली नटांची संघवास्तू पाडून टाकली. या मंडळ्यांतल्या नटांकडून ही विद्या फोशानचे वैद्य लिउंग जान यांच्याकडे आली, असे परंपरा मानते. त्यांचे शिष्य चान वा-शुन पैसे मोडून देण्याचा व्यवसाय करत. चान यांनी उतारवयात स्वीकारलेला शेवटचा शिष्य म्हणजे 1893 मध्ये सधन घरात जन्मलेले इप मान.

फोशानमध्ये विंग चुन मोजक्याच लोकांपुरते होते. गुरू निवडून शिष्य घेई, शुल्क जबर असे आणि शिकवणे घराच्या किंवा कुळाच्या सभागृहाच्या भिंतींआड चाले. आज जगभर शिकवले जाणारे विंग चुन मात्र बहुतांशी हाँगकाँगच्या वर्गांत घडले, आणि त्या वर्गांच्या अडचणींची खूण त्याच्या अंगावर स्पष्ट दिसते.

1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि निर्वासितांचे लोंढे हाँगकाँगकडे वळले. महायुद्ध संपले तेव्हा जेमतेम 6 लाख असलेली वस्ती 1950 च्या सुमारास 20 लाखांच्या पुढे गेली. त्या गर्दीत इप मानही होते. मालमत्ता मागे राहिली होती आणि पन्नाशी उलटून गेली होती. 1950 मध्ये शाम शुई पो भागातल्या उपाहारगृह कामगारांच्या संघटनेत त्यांनी पहिला वर्ग सुरू केला. विद्येवर पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. पहिल्या विद्यार्थ्यांपैकी लिउंग शेउंग हे संघटनेतलेच, आधी दुसऱ्या शैली शिकलेले गृहस्थ. बाकीचे बहुतेक दिवसभर राबणारे कामगार. त्यांना पंचमहाभूते आणि अष्टकोनी चिन्हांची गूढ परिभाषा ऐकवून उपयोग नव्हता. इप मान यांनी ती बाजूला ठेवली आणि कोपर कुठे असावे, जोर कुठून यावा, हे साध्या भाषेत सांगायला सुरुवात केली. चिनी युद्धकलांच्या इतिहासात हा बदल दिसतो त्याहून फार मोठा आहे.

नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो सिउ निम ताउ या एकट्याने करायच्या क्रमाचा. त्यात एकही पाऊल टाकायचे नसते. गुडघे किंचित वाकवून आत, पावलांची बोटे आत, मुठी बरगड्यांशी ओढलेल्या. दोन्ही मनगटे समोर, आधी खाली आणि मग वर, एकमेकांवर ठेवून शरीराची मध्यरेषा आखून घेतली जाते, कारण मारा आणि बचाव दोन्ही या रेषेभोवतीच फिरतात. मग डाव्या हाताचा तळवा वर करून हात अतिशय संथपणे पुढे जातो, मनगट गोल फिरते आणि उभा तळवा तितक्याच संथपणे छातीकडे परततो. पुढच्या फेऱ्यांत मनगट वाकवून हात पुन्हा पुढे सरकतो. एवढ्याच भागाला कित्येक मिनिटे लागू शकतात. खांदा उचलला गेला किंवा कोपर बाहेर सुटले की शिक्षक थांबवतो. मारामारी शिकायला आलेली तरुण मुले इथेच कंटाळतात आणि पुष्कळदा सोडूनही जातात.

वळणे, पावले आणि लाथा चुम किउ या दुसऱ्या क्रमात येतात. तिसरा, बिउ जी, बोटांचे मारे आणि बिघडलेली स्थिती सावरणे शिकवतो. पण वर्गाचा प्राण म्हणजे ची साउ, दोघांनी हाताला हात चिकटवून करायचा सराव. सुरुवात एका हाताने. एकाचा तळवा वर, दुसऱ्याचे मनगट त्याच्यावर टेकलेले. पहिला छातीवर तळव्याचा मारा करतो, दुसरा कोपर खाली दाबून तो अडवतो आणि त्याच हाताने ठोसा देतो, पहिला कोपर उचलून तो ठोसा बाजूला वळवतो. पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना दिसण्याआधी समोरच्याच्या जोराची दिशा मनगटाला कळावी, हा यातला हेतू. पुढे दोन्ही हात, मग डोळे बांधूनही सराव होतो. यासाठी जागा लागते ती फक्त दोन माणसांना उभे राहण्यापुरती, त्यामुळे दाटीवाटीच्या शहरात हा प्रकार पक्का रुजला.

लाकडी माणसाचे रूप तर जागेमुळे थेट बदलले. हा मल्लखांबासारखा जाड खांब, पण त्याला तीन हात आणि एक वाकडा पाय असतो. फोशानमध्ये तो जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या इमारतींत पुरणार कुठे? तिथे तो भिंतीलगतच्या दोन आडव्या लवचीक पट्ट्यांवर बसवला गेला. त्यामुळे खांबाला थोडी हालचाल मिळाली आणि चुकीच्या कोनातला जोर शिकणाऱ्याला लगेच जाणवू लागला. इप मान यांच्या परंपरेत खांबावरचा क्रम 116 हालचालींचा आहे. लांब काठी आणि जोडसुऱ्या ही दोन शस्त्रे अगदी शेवटी येतात. सुऱ्यांपर्यंत फार थोडे विद्यार्थी पोहोचले.

वर्गांचा बोलबाला मात्र इमारतींच्या गच्च्यांवर झाला. 1950 च्या दशकात निरनिराळ्या शैलींचे तरुण तिथे गुपचूप सामने लावत. त्यांत इप मान यांचे शिष्य वोंग शुन-लिउंग यांनी नाव कमावले आणि त्यांच्यामुळे नवे विद्यार्थी येत राहिले. किशोरवयीन ब्रूस ली याच वर्गात आला. त्याचा बराच सराव वोंग यांच्याकडे झाला आणि 1959 मध्ये तो अमेरिकेला गेला.

वर्गात नाती कुटुंबाची असतात. शिक्षक सिफू, आधी आलेला तो थोरला गुरुबंधू, मग वय काहीही असो. पण मासिक शुल्क देणारा प्रत्येक जण शिष्य होत नाही. गुरूला चहा आणि लाल पाकीट अर्पण करण्याचा विधी झाल्यावरच तो परंपरेत धरला जातो. 1967 मध्ये इप मान आणि त्यांच्या शिष्यांनी हाँगकाँगमध्ये विंग चुनची संस्था स्थापन केली आणि शिकवणीला औपचारिक चौकट मिळाली.

डिसेंबर 1972 मध्ये इप मान यांचे निधन झाले. त्याच्या थोडेच दिवस आधी, आजारी असतानाही, त्यांनी पहिले दोन क्रम आणि लाकडी माणसावरचा क्रम चित्रफितीवर करून ठेवला. त्यांच्या शिष्यांच्या शाखांत वळताना वजन कोणत्या पायावर असावे, टाचेवर फिरावे की तळपायाच्या मध्यावर, यांसारख्या मुद्द्यांवर आजही मतभेद आहेत, आणि वाद घालताना सगळ्याच शाखा त्या चित्रफितीचा दाखला देतात.