नक्कल चुकते कुठे?

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा तुम्हांला ठाऊक असेल. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, आणि काठावरील देवळांच्या शिल्पांमुळे लोक या स्थानाला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. समजा, तुमच्या शाळेने तेथील मूर्तींची नोंद संगणकावर, 'ॲक्सेस' या माहितीकोशात केली: कोणत्या भिंतीवर कोणती मूर्ती, किती भंगलेली. दगड झिजतो. उद्या एखादा चेहरा पुसला गेला, तर ही नोंदच उरेल. म्हणून तिची नक्कल दुसऱ्या माहितीकोशात हवी. त्यासाठी 'ट्रान्सफर डेटाबेस' ही एक आज्ञा पुरते.

पण कधी कधी संगणक '३०११' हा चूकक्रमांक दाखवतो. म्हणजे सांगितलेली वस्तू त्याला सापडली नाही. असे का व्हावे? संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे क्रमांक. 'म' म्हणजे २३५०, ऱ्हस्व उकार २३६९, दीर्घ उकार २३७०. तक्त्याचे नाव 'मूर्ती' आणि आज्ञेत 'मुर्ती', एवढ्याने काम अडते! (मराठीच्या बाईंना हे जरूर सांगा.) त्यात आणखी एक गंमत आहे. तक्त्याला देवनागरी नाव चालते, पण आज्ञावली लिहिण्याची खिडकी जुन्या अक्षरसंचावर चालते. तेथे देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात. तेव्हा नाव टंकित करूच नये. माहितीकोशाकडूनच तक्त्यांची यादी मागवून त्यातून ते उचलावे.

ही चूक निदान ओरडून सांगते. मुकी चूक अधिक घातक. आयात करताना त्या नावाचा तक्ता आधीच असेल, तर ॲक्सेस तक्रार करत नाही. नव्या तक्त्याच्या नावापुढे १ लावून मोकळे होते. आपण मात्र जुनाच तक्ता उघडून बसतो. मूळ तक्ता नुसता जोडलेला असेल, तर आयातीत फक्त जोडणी येते, माहिती नव्हे. घराऐवजी घराचा पत्ता उतरवून घेतला म्हणा ना!

काहीजण आज्ञावलीच्या आरंभी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहितात, म्हणजे चूक झाली तरी पुढे चला. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तेथे जाड तार बसवण्यासारखेच हे! त्याऐवजी 'ऑन एरर गो टू' लिहून चूकक्रमांक वाचावा, आणि ३०११ आला तर थांबून नाव तपासावे. आयातीपूर्वी जुन्या तक्त्याचे नाव बदलून ठेवावे. नंतर दोन्हीकडच्या नोंदी मोजाव्यात, मधल्या चारदोन उघडून ताडून पाहाव्यात, आणि मगच जुना तक्ता पुसावा.