विश्लेषण : गाणे गाजले, कवी मागे राहिला! ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’चे हक्क आज कोणाकडे?

एखादे जुने मराठी भावगीत फोनवर लावून पाहा. पडद्यावर गायकाचे नाव दिसते, कधी संगीतकाराचे आणि कंपनीचेही. शब्द कोणाचे, हे मात्र बहुतेक वेळा शोधावे लागते. ही सवय आजच्या अ‍ॅपची नाही, ती थेट लाखेच्या तबकड्यांपासून चालत आली आहे. मराठी भावगीताची सुरुवात ज्या गाण्यापासून मानली जाते, त्या ‘शीळ’च्या कवीलाही ती चुकली नाही.

कोण होते ना. घ. देशपांडे?

नागोराव घनश्याम देशपांडे (१९०९-२०००) हे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे. व्यवसायाने वकील. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, कोर्टकचेरी सांभाळत त्यांनी आयुष्यभर कविता लिहिली. मेहकरात ‘कंचनीचा महाल’ म्हणून ओळखली जाणारी एक जुनी पडकी वास्तू आहे. तिच्यावरही त्यांची दीर्घ कविता आहे. ‘शीळ’ ही त्यांच्या ऐन तरुणपणातली रचना. रानातून येणारी शीळ ऐकून जीव कासावीस झालेली एक तरुणी, एवढाच तिचा विषय. पण शब्दांना बोलीचा गंध आणि ओळींना अंगचा ठेका. चाल लावणाऱ्याचे निम्मे काम कवीनेच करून ठेवलेले.

ती चाल लावली गोविंदराव तथा जी. एन. जोशी यांनी. तेही १९०९ सालचेच आणि शिक्षणाने वकीलच! दोन वकिलांनी मिळून मराठी सुगम संगीताचा पाया घातला असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती ठरणार नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीने जोशींच्या आवाजात ‘शीळ’ची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती घरोघरी पोहोचली. जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. गंगूबाई हनगल यांनी सुरुवातीच्या काळात ‘गांधारी’ या नावाने ध्वनिमुद्रण केले, तेव्हा त्यांच्याबरोबर युगुलगीते गाणारे हेच जोशी. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या गाजलेल्या तबकडीचे निर्मातेही तेच.

त्याआधी तबकड्यांवर काय असे?

फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला, तिथून भारतातील तबकड्यांचा इतिहास सुरू होतो. मराठीत पहिली दोन-अडीच दशके नाट्यपदे, लावण्या, अभंग आणि ख्याल यांचीच चलती होती. नाट्यपदाचा कवी वेगळा सांगावा लागत नसे. नाटकाचे नाव आले की किर्लोस्कर, देवल, खाडिलकर हे आलेच. सुटी कविता तबकडीवर आली तेव्हा हा आधार गेला. आता कवीचे नाव छापले तरच कळणार होते.

यात तंत्राचाही वाटा होता. १९२५पर्यंत गायक भोंग्यासमोर उभा राहून मोठ्याने गात असे, कारण आवाजाच्या जोरावरच सुई खोदकाम करी. त्यानंतर मायक्रोफोन आला. हळुवार, शब्दांना जपत गायलेला आवाजही मुद्रित होऊ लागला. पल्लेदार तानांचे गाणे भोंग्यातही तगले असते, पण कुजबुजीच्या अंगाने जाणारे भावगीत मायक्रोफोनशिवाय कठीणच होते. दुसरी अट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. चार-पाच कडव्यांची कविता त्यात नेमकी बसे.

मग कवी मागे का पडला?

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचे लेबल तळहाताएवढेही नसे. कंपनीचे चिन्ह, भाषा, गाण्याचे पहिले शब्द, गायकाचे नाव, राग किंवा प्रकार आणि क्रमांक. एवढ्यात जागा संपे. तबकडी विकली जायची ती गायकाच्या नावावर, त्यामुळे ते ठळक. गीतकाराचे नाव कधी कंसात, बारीक टायपात आणि अनेकदा मुळीच नाही. एकरकमी मोबदला देऊन विषय संपवण्याची रीत सर्रास होती.

देशपांडे यांच्या बाबतीत तर क्रमच उलटा झाला. कवी आधी पुस्तकातून माहीत होतो आणि मग त्याची गाणी होतात, असा आपला समज असतो. ‘शीळ’ हे त्याच नावाच्या संग्रहात आले १९५४ मध्ये. म्हणजे तबकडी निघाल्यावर सुमारे दोन दशकांनी! मधल्या काळात ज्यांनी हे गाणे ऐकले, गुणगुणले, त्यांच्यासाठी ते ‘जोशींचे गाणे’ होते. पुढे ‘अभिसार’ (१९६३) आला. ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

आज हक्क कोणाचा?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. एका गाण्यात तीन स्वतंत्र हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे १९३०च्या दशकातील त्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क केव्हाच संपला. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या निधनानंतर पुढची ६० वर्षे राहतो. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यामुळे ‘शीळ’चे शब्द २०६०च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. जुनी तबकडी यूट्यूबवर टाकणारा ‘हे आता सगळ्यांचे’ म्हणतो, तेव्हा तो एकतृतीयांशच बरोबर असतो. (ही मुदत आधी ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आले तेव्हा, १९९१-९२ मध्ये ती ६० करण्यात आली.)

शब्दांच्या मोबदल्याची लढाई त्याहून लांबली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या प्रकरणात निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. पैसे देऊन लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक निर्माताच, असा त्याचा अर्थ. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा देणारी आणि तो हक्क सहजासहजी लिहून देता येणार नाही अशी दुरुस्ती कायद्यात झाली ती थेट २०१२ मध्ये. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी बाजू लावून धरली होती. भावगीतांच्या पहिल्या पिढीतील बहुतेक कवी तोवर हयात नव्हते.

गीतकारानुसार यादी का हवी?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयाने जुन्या ध्वनिमुद्रणांची मोठी सूची ऑनलाइन ठेवली आहे. तिथे गायकाप्रमाणे गीतकाराचेही स्वतंत्र पान असते. नाव टाकले की त्याचे शब्द कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकाच्या तबकडीवर गायले ते समोर येते. हे शक्य झाले कारण कंपन्यांच्या नोंदवह्या जपल्या गेल्या. आपल्याकडे मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संग्राहकांच्या मंडळींनी आणि ‘आठवणीतली गाणी’सारख्या संकेतस्थळाने हे काम बरेचसे हौसेने चालवले आहे. रॉयल्टीचा वाटा मागायचा तर आधी शब्द कोणाचे हे कागदावर असावे लागते. त्यामुळे ही नुसती आठवणींची हौस नाही.

घरात जुन्या तबकड्या असतील तर दोन्ही लेबलांचा फोटो काढून ठेवा. लेबलभोवतीच्या रिकाम्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही टिपा, संग्राहकांना तारखेचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. तबकडी पुसायची झाल्यास कोरडे मऊ कापड वापरा. स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते.