पडिलेहण आणि मण्यार

शहरात वाढलेली मुलगी सून होऊन मुखेडला आली, की पहिला पावसाळा तिची परीक्षा पाहतो. मोरीच्या जाळीतून गोम वर येते, सरपणाखाली विंचू निघतो आणि एखाद्या सकाळी दुकानामागच्या गोदामात ज्वारीच्या पोत्यांवर लांबलचक धामण निवांत पसरलेली आढळते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र फारशी विचलित होत नाहीत. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा तालुका. पावसाने बिळे भरली की जीव कोरड्या जागेकडे धावणारच. शिवाय धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे साप, हा येथील व्यापाऱ्याचा जुना हिशेब आहे.

धामण बिनविषारी. तिला मारायचे नाही, हे जैन घरात कोणी शिकवावे लागत नाही. खरी भीती नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चौघांची. घोणस डिवचली गेली तर कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, फुरसे अंगावरचे खवले घासून करकर आवाज करते, नाग फणा काढतो. मण्यार मात्र बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, निःशब्दपणे चावतो. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे अपचन समजतात. पर्युषणात तर उपवासाचा त्रास म्हणून सहज दुर्लक्ष होते, आणि तोवर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागलेले असतात.

चातुर्मासात पौषध करणाऱ्यांचा संथारा जमिनीवरच असतो. अंथरूण घालण्यापूर्वी वस्त्राचे पडिलेहण आणि जागेचे प्रमार्जन करावयाचे, ते सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी. मुखेडसारख्या गावी तीच दोन मिनिटे माणसाचाही जीव राखतात. गृहस्थांनी खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचावी, बूट झटकून घालावेत, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नये. गोदामात पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. म्हणजे उंदरांना आसरा उरत नाही.

दंश झालाच तर वेळ हाच सर्वांत मोठा प्रश्न. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मांत्रिकाच्या दारात घालवलेले तास यांतल्या किती जणांना भोवले असतील! मुखेडला या बाबतीत एक आधार लाभला आहे. येथील डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशावरील उपचार आणि त्याविषयीची जनजागृती हे आपले काम मानले. प्रतिविष या चारही सापांवर एकच चालते. त्यामुळे ओळख पटवण्यासाठी साप मारून दवाखान्यात नेण्याचे कारण नाही. हात वा पाय हलवू नये, घट्ट आवळू नये, जखम कापू नये, रुग्णाला चालवू नये. गाडी काढावी.

विंचवाच्या बाबतीतही मराठवाड्याच्याच एका माणसाचे ऋण आहे. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात तेही नवखेच होते. लाल विंचवाच्या दंशाने मुले घामाने न्हाऊन, हातपाय गार पडून दगावताना त्यांनी पाहिली. विष हृदयावर आघात करते हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरले, आणि ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

राहिला कवड्या. हा बिनविषारी साप मण्यारासारखा दिसतो आणि घरातही येतो. मण्याराचे पट्टे मानेकडे पुसट व शेपटीकडे ठळक, कवड्याचे बरोबर उलट. नव्या सुनेला हा फरक कोणीतरी हौसेने समजावतेच. पण रात्री, घाबरल्या डोळ्यांना तो दिसेलच असे नाही. म्हणून जुनी माणसे दोघांपासूनही सारखेच अंतर राखतात, मुलांना खोलीबाहेर काढतात आणि सर्पमित्राला फोन लावतात.