पावणेचार अंश

27 जानेवारी 1991. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. आठ सेकंद उरलेले, बफेलो बिल्स एका गुणाने मागे. चेंडू दोन खांबांमधून गेला की तीन गुण! स्कॉट नॉरवुडने 47 यार्डांवरून लाथ मारली. चेंडू उजवीकडून बाहेर गेला. न्यूयॉर्क जायंट्स 20-19 असे जिंकले.

नॉरवुडला हसू नका. कागदावर त्रिकोण काढा. खांबांमधील अंतर साडेअठरा फूट, चेंडूपासून ते 141 फूट दूर. समजा, चेंडू बरोबर मध्यावर ठेवला आहे. मग दोन्ही बाजूंना सूट मिळते जेमतेम पावणेचार अंशांची! घड्याळातल्या एका मिनिटाचा कोनसुद्धा सहा अंशांचा असतो. वाऱ्याचा हिशेब वेगळाच.

2002 मध्ये अशाच अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी अॅडम विनातिएरीने 48 यार्डांवरून, म्हणजे आणखी थोड्या अरुंद कोनातून, चेंडू अचूक धाडला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स 20-17 असे जिंकले.