फवारणीची तारीख कोण लिहितं?

मृग बरसला की लातूर-नांदेडकडे सोयाबीनचा पेरा होतो आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत इमॅझेथापायर या तणनाशकाचे पंप पाठीवर चढतात. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. शेतकऱ्याने तणनाशक हौसेने जवळ केलेलं नाही. पण शेजारच्या वावरात खुरपणाऱ्या बाईला त्याच सुमारास दिवस गेले असतील तर? ज्या मज्जानलिकेपासून बाळाचा मेंदू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. आशाताईंच्या रजिस्टरात नाव चढेपर्यंत हा टप्पा बहुधा उलटलेला असतो.

इमॅझेथापायर काय किंवा ग्लायफोसेट काय, घाव घालतात तो वनस्पतींच्या विकरांवर. माणसात ती विकरं नसतात. ही गोष्ट खरी आहे, पण तेवढ्याने निर्धास्त होता येत नाही. रसायन शरीरात एकाच वाटेने काम करतं असं नाही. शिवाय थायलंडमधल्या बाळंतिणींच्या 2017 च्या अभ्यासात ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट ही तणनाशकं नाळेच्या रक्तातही सापडली होती.

मेंदूवरच्या परिणामाचा मोठा अभ्यास 2019 चा, कॅलिफोर्नियाच्या शेतीपट्ट्यातला. ऑटिझम असलेली 2,961 मुलं आणि तुलनेसाठी 35 हजारांवर इतर मुलं. गरोदरपणी आईच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत ग्लायफोसेट फवारलं गेलं असेल, तर ऑटिझमची शक्यता सुमारे 16 टक्क्यांनी जास्त आढळली. वाढ लहान आहे. संपर्कही रक्त तपासून नव्हे, नकाशावरून काढलेला. हा पुरावा नाही, इशारा आहे. आणि तो ग्लायफोसेटबद्दलचा. इमॅझेथापायरला तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

तरी मला त्यातलं खरं मोल वाटतं ते आकड्यापेक्षा नोंदींचं. शेतात काय, किती, कधी फवारलं हे कळवणं तिथे 1990 पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीटकनियंत्रण व्यावसायिकांनीच करावी, असा आदेश केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला. पण कुठल्या वावरात काय पडलं याची अशी नोंद कुठेच होत नाही. 2017 साली यवतमाळात कीटकनाशकांच्या विषबाधेने माणसं दगावली तेव्हा सगळे हलले. मुलाचं बोलणं उशिरा सुरू झालं, तर फवारणीकडे बोट कोण दाखवणार?

गरोदर बाईची नोंद आशाताई ठेवतातच. त्या नोंदीशेजारीच कृषी सहायकाने फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव लिहावं. तोवर घरच्यांनी एवढं पाळावं: दिवस गेलेल्या, किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बाईला फवारलेल्या वावरात धाडू नये, आणि फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नयेत.