समाजशास्त्राची पदवी आणि वस्तीतले काम

समाजशास्त्र समाज कसा चालतो ते सांगते. तो कसा बदलावा हे सांगण्याची जबाबदारी ते सहसा घेत नाही. तरीही बी.ए.ला हा विषय घेतलेले बरेच विद्यार्थी पुढे स्वयंसेवी संस्था, बचत गटांचे प्रकल्प, पुनर्वसन किंवा वस्तीपातळीवरचे आरोग्यकाम यांकडे वळतात.

अभ्यास आणि काम या दोन वाटा मुंबईत जवळजवळ एकाच काळात, पण वेगवेगळ्या निघाल्या. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराच्या नेतृत्वाखाली. १९२४ मध्ये गो. स. घुर्ये आले आणि जात, कुटुंब, आदिवासी समाज हे तिथल्या अभ्यासाचे मुख्य विषय झाले. दुसरीकडे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात कष्टकऱ्यांच्या वस्तीत एक केंद्र उघडले. त्याच अनुभवातून १९३६ मध्ये समाजकार्याचे प्रशिक्षण देणारी शाळा उभी राहिली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांच्या कामात मात्र या दोन वाटा पुन्हा भेटलेल्या दिसतात. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची जाई निंबकर यांच्यासह त्यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. विस्थापित म्हणजे नुकसानभरपाईच्या यादीतला नुसता आकडा नव्हे, हे त्या अभ्यासाच्या विषयातच होते.

पदवीचा खरा उपयोग दिसतो तो अगदी साध्या कामात, म्हणजे घरोघरच्या पाहणीत. ‘कुटुंब’ कशाला म्हणायचे? जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब मानते. रेशनकार्डाचा हिशेब वेगळा असतो, सातबाऱ्याचा आणखी वेगळा. एकाच घरात दोन भावांच्या दोन चुली असतील तर पाण्याच्या जोडण्या किती धरायच्या, हा प्रश्न मग कागदावरचा राहत नाही. नवऱ्याने टाकलेली बहीण भावाकडे राहत असेल, तर ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यात भावाचे नाव येते आणि ती योजनेच्या नजरेतून सुटते. कुटुंबसंस्थेवरचा धडा नीट वाचलेल्याला इथे थांबून दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो. निदान वाटायला हवा.

गावबैठकीचेही तसेच. म्हैसूरजवळच्या एका खेड्याच्या अभ्यासातून मांडणी करताना एम. एन. श्रीनिवास यांनी ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना पुढे आणली: संख्या, जमीन आणि राजकीय वजन ज्यांच्याकडे, त्यांचा शब्द गावात चालतो. हे माहीत असलेला कार्यकर्ता ‘गावाने ठरवले’ असे ऐकले की बैठक कुठे झाली, कोण बसले होते आणि कोण दाराशी उभे होते, याची चौकशी करतो. बैठक मंदिरात झाली तर काहीजण येतच नाहीत. भर दुपारी झाली तर मजुरीवर गेलेल्या बायका सुटतात. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. ती का लागली हे समजायला समाजशास्त्र पुरते, पण ती सभा भरवायला पुरत नाही.

भांडण मिटवणे, प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिणे, समुपदेशन, जमाखर्च ठेवणे यांपैकी काहीच बी.ए.च्या वर्गात शिकवले जात नाही. म्हणून अनेकजण पुढे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करतात. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आली आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्गाबरोबर क्षेत्रकार्यही करावे लागते आणि त्याच्या नोंदी पर्यवेक्षकाला दाखवाव्या लागतात. समाजशास्त्राच्या पदवीधराला इथे सिद्धान्त नवे वाटत नाहीत. अवघड जाते ते प्रत्येक गोष्टीचे मूळ जातीत किंवा वर्गात दाखवून गप्प बसण्याची सवय सोडणे. समोरच्या बाईला उद्या दाखला हवा असतो.

नोकरीची बाजू फारशी सुखाची नाही. पदे प्रकल्पाला बांधलेली असतात आणि निधी संपला की तीही संपतात. पाहणी, माहितीचे विश्लेषण आणि अहवाल यांत हात बसलेला असल्याने काही वर्षांत पदवीधर मूल्यमापन किंवा समन्वयाच्या कामाकडे, म्हणजे तालुक्याहून जिल्ह्याकडे आणि तिथून शहराकडे सरकतो. वस्तीतले रोजचे काम मग बहुधा तिथल्याच, पदवी नसलेल्या कार्यकर्तीच्या हाती राहते.