नेम आणि आवर

शहापूर-मुरबाडकडे एस.टी. थांब्यावर किंवा कसारा लोकलच्या दारापाशी तरुणांचा घोळका मान खाली घालून बसलेला दिसला, की बहुधा मोबाईलवर नेमबाजीचा खेळ चाललेला असतो. वेळ वाया जातो, ही पालकांची तक्रार खरी आहे. परंतु हा खेळ चांगला खेळणे म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर मुलगा आपले ऐकत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्याचा अंगठा जलद तो जिंकतो, अशी समजूत आहे. वस्तुतः डोळ्यांनी खूण पाहून बोट हलवायला निरोगी तरुणाला सुमारे पाव सेकंद लागतो व सरावाने त्यात थोडीच बचत होते. खरी बचत अंतरात असते. लक्ष्य जितके लांब व लहान, तितका हाताला तेथे पोहोचण्यास वेळ अधिक, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडले. म्हणून जाणकार खेळाडू शत्रू दिसण्याआधीच नेमाची खूण दाराच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर धरून ठेवतो. सेन्सिटिव्हिटीही तो रोज बदलत नाही. अंगठ्याच्या तेवढ्याच हालचालीने खूण तेवढीच सरकली पाहिजे.

याहून कठीण भाग आवर घालण्याचा. बटण दाबून धरले की बंदूक वर उसळते आणि गोळ्या आभाळात जातात. लांबच्या शत्रूवर उगाच गोळी झाडली की आपली जागा सर्वांना कळते. बेचकीला चारच खडे असले की पोरगा विचार करून सोडतो. मोबाईलमधल्या गोळ्यांना कसले वजन!

डच शास्त्रज्ञ डाँडर्स यांनी १८६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खुणेला प्रतिसाद द्यायचा, दुसरीला मुळीच द्यायचा नाही. हा सराव पत्त्यांवर घरीच होतो. सर्व काळी पाने व फक्त सहा लाल पाने पिसून घ्यावीत. सोबत्याने भराभर पाने उलटावीत. काळ्यावर हात आपटायचा, लालवर रोखायचा. लाल पाने मुद्दाम कमी, कारण आपटण्याची सवय जडल्यावरच थांबणे अवघड होते. चुका मोजाव्यात, वेग नव्हे. मात्र पत्त्यांतले कौशल्य आपोआप खेळात उतरत नाही, म्हणून नंतर खेळाच्या सराव मैदानातही तोच नियम पाळावा.

खऱ्या नेमबाजीत हेच चालते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या खेळात मन स्थिर वाटले नाही तर नेमबाज रायफल खाली घेतो, श्वास घेतो आणि पुन्हा उचलतो. न झाडलेली गोळी फुकट जात नाही.

हरल्यावर ‘आणखी एकच डाव’ म्हणणारा हात तोच, आणि रंगीत पेटी उघडण्यासाठी पैसे भरणाराही तोच. आमच्या काउंटरवर पासबुक छापताना शंभर-दोनशेच्या नोंदींची रांग निघते, तेव्हा वडील मुलाकडे पाहतात आणि मुलगा पंख्याकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला व ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पेटीचा मोह मात्र घरातच आवरावा लागतो. डावांची संख्या खेळायला बसण्यापूर्वी कागदावर लिहावी आणि पैसे भरण्याचा पासवर्ड वडीलधाऱ्यांकडे ठेवावा. दोन डाव ओळीने हरल्यास त्या दिवशी मोबाईल चार्जिंगला लावून मोकळे व्हावे.